किंमत वाचायच्या आधी तीन अक्षरं वाचा: परदेशात नव्याने आलेल्या गेमप्रेमींसाठी

माझ्या भाच्याला इथे येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज: "मामा, गेमची किंमत एक लिहिलीय आणि बँकेने कापलेत भलतेच पैसे. फसवलं का मला?" सोबत दोन स्क्रीनशॉट. एकावर गेमचं चित्र, खाली हिरवं बटण आणि बटणाशेजारी डॉलरचं चिन्ह लावलेला आकडा. दुसऱ्यावर बँकेच्या अ‍ॅपमधली ओळ, त्यातला आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने मोठा.

फसवलं कोणीच नव्हतं. आम्ही राहतो तिथे डॉलरच चालतो, पण तो अमेरिकेचा डॉलर नाही. त्या दुकानाने किंमत अमेरिकी डॉलरमध्ये लावली होती, भाच्याने ती इथल्या डॉलरमध्ये वाचली. त्यावर बँकेची परकीय चलनाची फी चढली. त्या रात्री त्याला फोनवर जे जे समजावलं, ते नव्याने आलेल्या सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

चिन्हावर कधीच विसंबू नका. $ हे चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग हे सगळे वापरतात आणि मेक्सिकोचा पेसोही तेच लावतो. ¥ म्हणजे जपानचा येनही असतो आणि चीनचा युआनही. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड या चौघांची चलनं वेगळी, पण चौघेही "केआर" (kr) लिहितात. खरी ओळख पटते ती तीन अक्षरी कोडवरून: यूएसडी (USD) म्हणजे अमेरिकी डॉलर, सीएडी (CAD) कॅनडाचा, एयूडी (AUD) ऑस्ट्रेलियाचा, जेपीवाय (JPY) जपानचा येन. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर हा कोड बहुतेक वेळा दिलेला असतो. नसेल तर तो सापडेपर्यंत बटण दाबू नका.

आकड्यातली टिंबं आणि स्वल्पविरामही नीट बघा. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये स्वल्पविराम हे दशांश चिन्ह असतं आणि टिंब हजाराची जागा दाखवतं. तिथे १.२९९ म्हणजे बाराशे नव्याण्णव, सव्वाच्या आसपासची किरकोळ रक्कम नव्हे. येनला सुट्टे पैसेच नसतात, त्यामुळे चार आकडी किंमत बघून दचकायचं कारण नाही. उलट कुवेती दिनारात दशांशानंतर तीन घरं असतात. आपण लाख-हजाराच्या हिशेबाने स्वल्पविराम देतो, जग तीन-तीन आकड्यांनी देतं. मोठ्या आकड्यांच्या चलनात आपली नजर नेमकी इथेच चुकते.

आता मनातल्या हिशेबाबद्दल. आल्यावर पहिले काही महिने आपण प्रत्येक किंमत मायदेशाच्या पैशात करून बघतो. मीही केलं आहे, सगळेच करतात. पण पगार नव्या चलनात सुरू झाला की ही सवय नडते. इथलं चलन महाग असेल तर काहीच घ्यावंसं वाटत नाही. एखादा माणूस वर्षभर राबतो आणि एका गेमसाठी स्वतःला कोसत बसतो. इथलं चलन स्वस्त असेल तर सगळंच फुकट वाटतं आणि महिनाअखेर खिसा रिकामा. माझा सल्ला सरळ आहे: हा गेम म्हणजे माझ्या किती तासांची कमाई, एवढंच विचारा. हातात पडणाऱ्या पगाराला कामाच्या तासांनी भागून निघणारा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत तो डोक्यात बसतो आणि दर बघायची गरज उरत नाही.

शिवाय गेमच्या किमती विनिमय दराने ठरतच नाहीत. एकाच गेमची किंमत देशोदेशी वेगळी असते, कारण प्रकाशक ती चलनागणिक ठरवतो. कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी प्रकाशकांना प्रत्येक चलनासाठी किमतीची शिफारस देते. ऑक्टोबर २०२२मध्ये तिने ही शिफारस बदलली तेव्हा बऱ्याच चलनांतले सुचवलेले आकडे एकदम वर गेले होते. म्हणून "मायदेशात एवढ्याला मिळतो, इथे एवढ्याला का?" या प्रश्नाला दराचं गणित कधीच पुरतं उत्तर देणार नाही. कराचंही तसंच. अमेरिकेत दाखवलेल्या किमतीवर विक्रीकर शेवटी लागतो, तर युरोपात दिसणाऱ्या किमतीत व्हॅट धरलेला असतो. तुलना करायचीच असेल तर कर धरून करा. गेम स्टीमवरचा असेल तर स्टीमडीबी या किमतींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याची सगळ्या चलनांतली किंमत आणि तुमच्या चलनातली सर्वांत कमी किंमत दिसते. सेलमधली सवलत खरोखरची आहे का, ते तिथे एका नजरेत कळतं.

यापुढचा भाग मात्र सावकाश वाचा, कारण नवीन माणसं सर्वांत जास्त पैसे इथे घालवतात. तुम्ही देश बदललात, पण तुमच्या गेमच्या खात्याने बदललेला नाही. प्रत्येक खात्याला एक देश चिकटलेला असतो. किंमत कुठल्या चलनात दिसणार, कुठलं कार्ड चालणार, कुठलं गिफ्ट कार्ड लागणार, हे सगळं त्या देशावरून ठरतं. आणि तो देश बदलायचे नियम प्रत्येक दुकानाचे निराळे आहेत.

स्टीमवर देश बदलायचा तर नव्या देशातल्या कार्डाने किंवा तिथल्या दुसऱ्या एखाद्या साधनाने काहीतरी विकत घ्यावं लागतं. वॉलेटमधली शिल्लक नव्या चलनात बदलून मिळते, आधी घेतलेले गेम तसेच राहतात. पण हा बदल तीन महिन्यांत एकदाच करता येतो. म्हणून घाई करू नका: आधी बँकेत खातं उघडा, कार्ड हातात येऊ द्या, मग एखादा छोटा, स्वस्तातला गेम त्या कार्डाने घ्या.

एक्सबॉक्सवरही प्रदेश तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो, आणि तिथली शिल्लक तुमच्याबरोबर येत नाही. आधी ती खर्च करा, मगच बदला. निन्टेन्डोच्या खात्याचा देश बदलता येतो, पण ई-शॉपमध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात, पैसे शिल्लक असतील तर आधी ते संपवावे लागतात. जपानमधून किंवा जपानच्या ई-शॉपमधून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: २५ मार्च २०२५ पासून तिथे परदेशात काढलेली कार्डं आणि परदेशात उघडलेली पेपॅल खाती चालत नाहीत.

प्लेस्टेशनचं सर्वांत अवघड. खातं उघडताना निवडलेला देश नंतर बदलताच येत नाही. नव्या देशाचं कार्ड वापरायचं तर नवं खातं उघडावं लागतं. पण जुने गेम वाया जात नाहीत. जुनं खातं त्याच कन्सोलवर ठेवा, कन्सोल त्या खात्याचा मुख्य म्हणून नोंदवा, की त्या खात्यावरचे गेम नव्या खात्यावरूनही खेळता येतात. सामानात डिस्क आणल्या असतील तर पीएस४ आणि पीएस५वर त्या चालतील. गोची होते ती डीएलसीची, म्हणजे गेमला नंतर विकत घेऊन जोडायच्या भागाची: हा जोडभाग डिस्कच्याच प्रदेशाचा लागतो. मायदेशातली डिस्क आणि इथल्या दुकानातून घेतलेला जोडभाग यांची गाठ पडत नाही, आणि हे पैसे भरल्यावरच कळतं.

खात्याला देश चिकटलेला असतो हे मला कसं कळलं ते सांगतो. मी परदेशी आलो त्या वर्षी वाढदिवसाला घरच्यांनी मिळून एक गिफ्ट कार्ड पाठवलं. बहिणीने मागची पट्टी खरवडून कोडचा फोटो काढला, तिच्या नखाला लागलेला राखाडी चुरासुद्धा फोटोत दिसत होता. मी नुकतंच इथल्या देशाचं नवं खातं उघडलं होतं. कोड टाकला की लाल अक्षरं, पुन्हा टाकला की पुन्हा लाल अक्षरं. मला वाटलं, शून्य आणि ओ यांची गल्लत होतेय. तासभर आम्ही दोघं फोनवर एकेक अक्षर वाचत बसलो. कोड बरोबरच होता, कार्ड मायदेशाच्या खात्यासाठी होतं. शेवटी ते जुन्या खात्यात भरलं, आणि त्यातून गेम घेऊन उरलेली रक्कम आजही तिथेच पडून आहे. एवढ्यात येईल असा गेम तिथे नाही, आणि भर घालायला त्या देशाचं कार्ड माझ्याकडे नाही. म्हणून निघायच्या आधीच घरच्यांना सांगून ठेवा: गिफ्ट कार्ड पाठवायचं असेल तर आधी कुठल्या देशाचं ते विचारा. आणि विमानात बसायच्या आधी प्रत्येक वॉलेट शून्यावर आणा.

आता पैसे भरायचं पान. काही दुकानांत शेवटच्या पायरीला एक छोटी चौकट येते. त्यात दोन पर्याय असतात: दुकानाच्या चलनात पैसे द्या किंवा तुमच्या कार्डाच्या चलनात द्या. दुसरा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो आणि शेजारी तुमच्या ओळखीच्या चलनातला आकडा असतो. नव्या माणसाला हायसं वाटतं, कारण अख्ख्या पानावर तेवढंच समजलेलं असतं. नेमकं तेच निवडू नका. त्या आकड्यातला दर दुकानाने किंवा मधल्या कंपनीने लावलेला असतो आणि त्यात तिचा नफा मिळवलेला असतो. दुकानाचं चलन निवडलंत की रूपांतर तुमच्या कार्डाच्या दराने होतं, आणि ते जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. पेपॅलमध्येही रूपांतर कोणी करायचं ते निवडता येतं. तिथेही कार्ड देणाऱ्या बँकेवर सोपवा.

बँकेची परकीय चलनाची फी साधारण तीन टक्क्यांपर्यंत जाते, काही कार्डांवर ती अजिबात नसते. इथलं पहिलं कार्ड घेताना हा प्रश्न विचाराच. आणखी एक: खरेदीच्या क्षणी अ‍ॅपमध्ये दिसणारी रक्कम अंतिम नसते. व्यवहार पूर्ण व्हायला एक-दोन दिवस लागतात आणि दर त्या वेळचा धरला जातो. आकडा थोडा हलला तर घाबरू नका.

लवकरच कोणीतरी तुम्हाला सांगेल की अमुक देशाचं खातं ठेव, तिथे गेम निम्म्याला मिळतात. व्हीपीएन लावून देश खोटा दाखवायचा हा उद्योग. करू नका. स्टीमच्या करारातच याला मनाई आहे आणि त्यापायी खात्यावर निर्बंध येऊ शकतात. दहा वर्षं जमवलेले गेम एका सवलतीसाठी पणाला लावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षाही मला खुपतं ते वेगळंच. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात गेम स्वस्त म्हणून जगभरचे लोक त्या देशांची खाती काढत होते. तिथली चलनं सतत घसरत होती, प्रकाशकांना किमती ठरवणं जड जात होतं. अखेर २० नोव्हेंबर २०२३ला स्टीमने तिथला पेसो आणि लिरा बंद करून दोन्हीकडे अमेरिकी डॉलर लावला. खरोखर तिथे राहणाऱ्या, तिथल्या पगारावर जगणाऱ्या पोरांना एका रात्रीत किमती परक्या चलनात वाचाव्या लागल्या. सगळा दोष बाहेरच्या खरेदीदारांचा नव्हता. पण स्वतः परकं चलन वाचायला शिकत असलेल्या माणसाने तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गेमचे स्वस्त कोड, म्हणजे खात्यात टाकला की गेम मिळतो ती अक्षरं, विकणाऱ्या संकेतस्थळांवरून घेताना कोड कुठल्या प्रदेशाचा ते आधी वाचा. प्रदेशाने बांधलेले कोड हा वादाचाच विषय आहे. युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना अशाच बंधनांवरून एकूण ७८ लाख युरोचा दंड केला होता. पण ते प्रकरण युरोपच्या आतल्या देशांपुरतं होतं. बाकी जगात दुसऱ्या प्रदेशाला बांधलेला कोड आजही चालणार नाही, तो नाहीच.

गेमच्या आतली नाणी, रत्नं, पॉइंट हेही परकं चलनच समजा. फरक इतकाच की त्यांचा दर कुठल्याही बँकेत मिळत नाही. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टचे पॉइंट होते तेव्हा ८० पॉइंट म्हणजे एक अमेरिकी डॉलर, असा अवघड भाव होता; कंपनीने २०१३मध्ये ते बंद केले आणि खऱ्या पैशात किमती लावल्या. गेमच्या आतल्या नाण्यांची पाकिटं मात्र आजही हव्या त्या वस्तूच्या किमतीशी क्वचितच जुळतात, थोडी नाणी उरतातच. मार्च २०२५मध्ये युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी अशा वस्तूंची किंमत खऱ्या पैशातही स्पष्ट दाखवावी, असं मार्गदर्शन काढलं. तुमच्या गेममध्ये ती दिसत नसेल तर पाकिटाच्या किमतीला नाण्यांनी भागा आणि मग ठरवा. घरात लहान मुलं खेळत असतील तर हे भागाकार त्यांच्याबरोबर बसून करा.

आणि चुकलंच तर परतावा मागा, संकोच नको. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. भाच्याने घेतलेल्या दुकानातही परताव्याची सोय होती. त्याने त्याच रात्री अर्ज केला, चौथ्या दिवशी पैसे परत आले. पण मधल्या काळात दर हलला होता आणि बँकेने आपली फी काही परत केली नाही, म्हणून गेलेल्यापेक्षा थोडे कमीच आले. पुढच्या शनिवारी त्याने तोच गेम इथल्या कार्डाने, इथल्या डॉलरमध्ये घेतला. या वेळी स्क्रीनशॉट एकच आला. त्यात तीन अक्षरांभोवती त्याने लाल वर्तुळ काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "मामा, आता बरोबर?"