इलेक्ट्रिक कार घेताय? या चुका टाळा, आणि सुरुवात घरच्या अर्थिंगपासून करा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आम्ही सकाळी फिरून आल्यावर जिथं चहा घेतो, तिथं इलेक्ट्रिक कारबद्दल दोनच मतं आहेत. एक, "फुकटात पळती." दुसरं, "घाटात बंद पडली की ढकलत आणायची." ठासून बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती गाडी चालवलेली नाही. मी दोन वर्षं चालवतोय. गाडी फुकटात पळत नाही आणि घाटात बंदही पडत नाही. फजिती होते ती घरी, भिंतीतल्या प्लगपाशी. शोरूममध्ये मात्र त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

लाल दिवा म्हणजे चार्जर खराब, असं समजू नका

गाडी घरी आली, नारळ फुटला, कंदी पेढे वाटून झाले. रात्री प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. सर्व्हिस सेंटरला फोन केला. "चार्जर बदलून देऊ, पंधरा दिवस लागतील." पंधरा दिवस गाडी अंगणात शोभेला ठेवायची? शेवटी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर लावला: फेज-न्यूट्रल 230 व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 28 व्होल्ट. तिथं दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसायला नको.

आमचं घर तीस वर्षांपूर्वीचं. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा मुरमात, आणि वरून पार्किंगच्या फरशा घातलेल्या. खड्डा कोरडा ठणठणीत, म्हणून अर्थिंग कमजोर. फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांना त्याचं सोयरसुतक नसतं, ते चालत राहतात. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि पटलं नाही तर चार्जिंग सुरूच करत नाही. फरशी काढून दहा बादल्या पाणी ओतलं, तासाभरात दिवा हिरवा झाला! एप्रिलमध्ये पुन्हा लाल. पावसाळ्यात चालतो आणि उन्हाळ्यात अडतो, असा चार्जर दिसला की नव्वद टक्के दोष खड्ड्याचा समजा. मी शेवटी नवीन अर्थिंग करून घेतलं. साडेसहा हजार गेले, पण त्यानंतर लाल दिवा दिसलेला नाही.

एक जुगाड मात्र कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. प्लगच्या आत न्यूट्रलची वायर अर्थला जोडली की चार्जर फसतो आणि हिरवा होतो. पुढं कधी बाहेरचा न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यालाच करंट येऊ शकतो. अंगणात पोरं खेळत असतात.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. चार्जिंगचा पॉइंट बोर्डापासून स्वतंत्र ओढा, 4 स्क्वेअर एमएमची वायर घाला, चांगल्या प्रतीचं 16 अँपिअरचं सॉकेट बसवा. गीझरला तेवढाच करंट लागतो, पण वीस मिनिटांसाठी. गाडी रात्रभर ओढते, सलग आठ-दहा तास. म्हणून ढिलं सॉकेट गीझरला वर्षानुवर्षं पुरतं आणि गाडीला महिनाभरात वितळतं. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासानं प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर मी आमच्याच गल्लीत पाहिली आहे, पावसात.

"दिवसाला किती पडतं?" हा प्रश्नच चुकीचा आहे

महिन्याला किती किलोमीटर चालवता, ते आधी सांगा. माझी गाडी युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वीज वाया जाते, ती धरून हजार किलोमीटरला 170 युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे बदलतात. घरचा वापर 120 असेल तर गाडीसकट तुम्ही तीनशेच्या आत राहता. घरात दोन एसी असतील तर गाडीची सगळी वीज वरच्या दरानं येते. मग पहिलं बिल आलं की बायको बिल पुढं करते आणि काही बोलत नाही. वापर असा जास्त असेल तर गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. मंजूर भार, म्हणजे कनेक्शनवर एका वेळी किती वीज ओढता येते तो आकडा, तोही वाढवून घ्या, नाहीतर पाण्याची मोटर आणि गाडी एकदम लावली की घर अंधारात.

आता हिशेब. वीज सढळ हातानं 15 रुपये युनिट धरली तरी किलोमीटरला अडीच रुपये पडतात. पेट्रोल 105 रुपये आणि 15 चं ॲव्हरेज धरलं तर सात रुपये. फरक साडेचार रुपयांचा. तुम्ही पाहिलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे ते पावणेचार वर्षांत वसूल होतात. पाचशे किलोमीटरवाल्याला अकरा वर्षं लागतात. कराडचे माझे साडू महिन्याला तीनशे चालवतात, तीही लग्नं आणि बाजार. त्यांना मी घेऊ नका म्हणालो. वाईट वाटलं त्यांना. "स्वतः घेतली आणि आम्हाला नको म्हणता?" पण अठरा वर्षांचा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला होता.

जुने आकडेही फेकून द्या. इलेक्ट्रिकवर 5 टक्के जीएसटी ऑगस्ट 2019 पासून आहे, ते बरोबर. पण 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, त्यामुळं त्याआधी केलेली तुलना आता कामाची नाही. आणि कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत मिळते, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या: ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. टोलचंही तसंच. राज्याची इलेक्ट्रिक कारसाठीची टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गासाठी जाहीर झाली. पुण्याहून साताऱ्याला येणारा रस्ता त्या तिन्हींत नाही. माझ्या शेजाऱ्यानं त्या रस्त्यावरच्या आनेवाडी टोलनाक्याला गाडी थांबवून वाद घातला, मागच्यांचे हॉर्न ऐकले आणि पैसे कटले.

कागदावरची रेंज आणि आपले घाट

कंपनी 315 किलोमीटर म्हणते तो चाचणीतला आकडा. रस्त्यावर त्याच्या दोन तृतीयांश धरा, म्हणजे 200-210. सातारा-पुणे जाऊन-येऊन 225-230 होतात. म्हणजे पुण्यात कुठंतरी अर्धा तास फास्ट चार्जरला लावणं आलंच. तिथंही 100 टक्क्यांचा हट्ट धरू नका. ऐंशीनंतर वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांत जेवण उरकतं. शिवाय मागं रांग लागलेली असते, आणि बाहेरची वीज घरच्यापेक्षा बरीच महाग.

लोक गर्दीला घाबरतात. मी कासच्या सीझनमध्ये यवतेश्वरच्या घाटात दोन तास अडकलो होतो. एसी चालू ठेवून बॅटरीतले दोनेक युनिट गेले असतील, बस्स. बॅटरी खातं ते महामार्गावर 110 नं दामटणं. 80-90 नं गेलात तर तीच गाडी निवांत पोचते.

चढाचा धसकाही मोजून घ्या. साताऱ्यापेक्षा महाबळेश्वर सहाशे-साडेसहाशे मीटर उंच. माणसांसकट 1,800 किलोची गाडी तेवढी वर न्यायला, वाया जाणारी वीज धरून, साधारण साडेतीन युनिट जादा लागतात. म्हणजे वीस-बावीस किलोमीटर कमी झाले असं समजायचं. उतरताना मोटरच गाडी आवरते आणि वीज बनवून बॅटरीत भरते, म्हणून त्यातले निम्मेशिम्मे परत मिळतात.

परत मिळायला जागा मात्र हवी. महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर लावून कुणी 100 टक्के भरली आणि सकाळी केळघरच्या घाटानं खाली निघाला, तर भरलेली बॅटरी उताराची वीज घेतच नाही. गाडी मग मोटरनं आवरली जात नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पोचेपर्यंत जळका वास सुटतो. वर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवा.

बॅटरी 70 टक्के, आणि दार उघडेना

गावाला दोन आठवडे जाऊन आल्यावर हे होतं. मोठी बॅटरी ठणठणीत असते. दमलेली असते ती 12 व्होल्टची छोटी बॅटरी, पेट्रोल गाडीत असते तशीच. दार, स्क्रीन आणि गाडी 'चालू' करणं तिच्यावरच असतं. किल्लीच्या रिमोटमध्ये लपवलेली साधी चावी असते, तिनं दार उघडा आणि छोटी बॅटरी चार्ज करून घ्या. तीन-चार वर्षांनी बदलावी लागते.

डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. अनेक गाड्यांत नुसतं पंक्चर किट देतात. खिळा घुसला तर त्यानं भागतं, टायर बाजूनं फाटला तर नाही. आणि चहावाल्या मंडळींसाठी: बंद पडली तर ढकलत किंवा दोरीनं ओढत मैलभर न्यायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि बिघाड वाढतो. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी बोलवावी लागते. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का ते पॉलिसी घेतानाच विचारा, आणि तो नंबर मोबाइलमध्येच नव्हे, कागदावर लिहून गाडीतही ठेवा. केळघरच्या घाटात रेंज जाते, म्हणजे मोबाइलची.