माळ्यावरचं जुनं स्पिनिंग रीळ दुरुस्त करताना या चुका टाळा

कोकणात बऱ्याच घरांच्या माळ्यावर एखादं जुनं स्पिनिंग रीळ, म्हणजे गळाच्या रॉडला लावून दोरी गुंडाळायचं यंत्र, सापडतंच. कुणी आखातातून आणलेलं, कुणी बोटीवर नोकरीला असताना घेतलेलं. वर्षानुवर्षं खडपावर आणि खाडीत त्याने गरवलेलं असतं, मग कधीतरी ते खरखरायला लागतं आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून वर जातं. माझ्या हातात आलेलं पहिलं रीळ असंच, मामाचं होतं. त्यानंतर मित्रांची, शेजाऱ्यांची बरीच रिळं उघडून झाली. निव्वळ वयामुळे संपलेलं रीळ त्यांत क्वचितच होतं. खाऱ्या पाण्याने अर्धं बिघडलेलं आणि घाईच्या दुरुस्तीने पुरतं घालवलेलं, अशीच जास्त.

उघडायची घाई

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेणं. रीळ उघडण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं फिरवून बघा. डोळे मिटा आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. हँडलच्या एका फेऱ्यात अडकल्याचा झटका एकदाच लागत असेल, तर दोष मोठ्या गिअरच्या दातात किंवा हँडलच्या बेअरिंगमध्ये आहे. हँडल एकदा फिरतं तेव्हा रोटर, म्हणजे दोरी गुंडाळणारा फिरता भाग, चार-पाच वेळा फिरतो. तितकेच झटके मोजून लागले, तर पिनिअन (रोटर फिरवणारा छोटा गिअर) किंवा रोटरखालचं बेअरिंग बघायचं. आता स्पूल, म्हणजे दोरी जिच्यावर बसते ती चकरी, काढून पुन्हा फिरवा. खरखर गेली तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारणच नाही. मधला दांडा वाकलाय किंवा स्पूल रोटरला घासतोय. रॉड जीपच्या मागे आडवातिडवा टाकला की हे नेमकं होतं.

मामाच्या रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा ताण धरून दोरी सोडणारा ब्रेक, धरत नव्हता. ड्रॅगचे सगळे वॉशर काढले, धुतले, वाळवले, परत बसवले, तरी दोरी सुर्रकन सुटायची. मग शाईने एक रेघ मारली, थोडी दोरीवर आणि थोडी स्पूलच्या काठावर, सलग. दोरी ओढली तर दोरीवरची रेघ पुढे गेली आणि काठावरची जागची हलली नाही! ड्रॅग ठणठणीत होता. तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) काढून कुणीतरी नवी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली होती आणि दोरीचा अख्खा गठ्ठाच स्पूलवर फिरत होता. ब्रेडेड दोरी भरण्याआधी स्पूलवर तंगुसाचे दहा-पंधरा घट्ट वेढे द्यावेत, त्यावर दोरी बांधावी. ही रेघेची चाचणी मी आता प्रत्येक रिळावर सगळ्यात आधी करतो.

चुकीचं तेल, चुकीच्या जागी

खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे ते हाताशी असतं म्हणून घातलं जातं, पण साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. थंडीतल्या पहाटे खाडीवर गेलात की रीळ जड. शिवाय जुनं झालं की त्याचा चिकट पिवळा थर बसतो, आणि तो काढणं हेच एक काम होऊन बसतं.

दुसरी सवय डब्ल्यूडी-४० फवारण्याची. १९५३ साली हे रसायन तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, आणि नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. गंजलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम. पण फटीतून गिअरबॉक्समध्ये मारलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि त्याच्या जागी टिकेल असं वंगण मागे राहत नाही. गरवायला दोनदा नेलं तोवर रीळ लोण्यासारखं फिरतं, तिसऱ्या खेपेला दात दातावर घासायला लागतात.

गिअरला ग्रीस, तेही समुद्राच्या पाण्याला टिकणारं. बेअरिंग, हँडलचा गोळा आणि लाइन रोलर (दोरी जिच्यावरून वळते ती फिरकी) यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. जुनं काळं ग्रीस डिझेल आणि टूथब्रशने काढा, उघड्यावर बसून, आसपास विस्तव नको. थिनर मात्र वापरू नका, तो प्लॅस्टिकचे भाग आणि रंग दोन्ही खातो.

एका जागी ग्रीस अजिबात जाऊ द्यायचं नाही. हँडल उलटं फिरू न देणारं जे रोलरचं बेअरिंग बऱ्याच रिळांत रोटरखाली असतं, ते ग्रीसने बुळबुळीत झालं की रोलर धरत नाहीत आणि मासा लागल्यावर हँडल उलटं फिरून बोटांवर बसतं. ते स्पिरिटने धुवा, वाळवा, पातळ तेलाचा पुसटसा हात फिरवा, बस. त्याहून जुन्या रिळांत याच कामाला दातेरी चकती आणि स्प्रिंगचं खटकं असतं. तिथे सुकलेल्या ग्रीसमध्ये खटकं चिकटून बसलेलं असतं. किट-किट आवाज बंद झाला की आधी तिथे बघा.

लाइन रोलर आणि बेल

दोरी सारखी तुटते म्हणून लोक दोरी बदलत राहतात आणि रोलर कुणी बघत नाही. बेलच्या, म्हणजे दोरी पकडणाऱ्या तारेच्या कमानीच्या, टोकाला असलेली ती छोटी फिरकी मिठाने जाम झाली की दोरी एकाच जागी घासते आणि त्यात बारीक खाच पडते. रोलरवर शाईचा ठिपका द्या, दोरीवर थोडा ताण देऊन हँडल फिरवा. ठिपका फिरला पाहिजे. मग कापसाचा बोळा रोलरवरून आणि स्पूलच्या काठावरून फिरवा. बोटाला न जाणवणारी खाच असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. स्पूलच्या काठावरची बारीक खाच हजार-दोन हजार नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू जाते. रोलरला खाच असेल तर रोलर बदलायचा.

बेलची स्प्रिंग तुटली की बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवली जाते. ती दाबून काम करणारी, आणि जुन्या रिळांत बहुतेक वेळा पिळावर काम करणारी लागते. म्हणून ती चार दिवसही टिकत नाही. नवी मिळत नसेल तर स्प्रिंग बनवणाऱ्याकडे जुनीचे तुकडे नेऊन तारेची जाडी, वेढे आणि पिळाची दिशा, तिन्ही जुळवून घ्या. बनवायच्याच तर दोन बनवा. गळ फेकल्यावर हँडल फिरवून बेल बंद करण्याऐवजी हाताने बंद केली की स्प्रिंग कितीतरी जास्त चालते, आणि सैल दोरीचा गुंताही होत नाही. लाटांत उभं राहून गरवणाऱ्यांसाठी पेन (Penn) कंपनीचं ७०६ हे बेलच नसलेलं रीळ निघालं, ते उगाच नव्हे.

उघडलंच, तर

स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमचं शरीर आणि मध्ये मीठ. एवढं जमलं की दोन्ही धातू एकमेकांना धरतात. स्क्रूभोवती पांढरी पूड दिसली तर जोर लावू नका, डोकं घासून जाईल. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, मग खाचेत अगदी गच्च बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. काही रिळांत रोटरची किंवा हँडलची आटी उलटी असते. बेताच्या जोराने सुटलं नाही तर दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. पांढरी पूड काढायला चिंच-लिंबू नको. पितळी समईला चालतं ते ॲल्युमिनियमला खातं.

परातीत जुनं पांढरं फडकं पसरून त्यावर उघडा. प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो घ्या. कागदासारखे पातळ वॉशर बेअरिंगच्या खालच्या अंगाला ग्रीसने चिकटलेले असतात. असा एक जरी धुताना वाहून गेला, तरी गिअर खोलवर किंवा उथळ बसतात आणि सगळं स्वच्छ करूनही खरखर राहते. पुष्कळ लोक इथे रिळालाच दोष देतात.

ड्रॅगचे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीने मांडा. कानवाले, गोल आणि मधले मऊ, असा एकाआड एक क्रम असतो. मऊ वॉशर नमद्याचे असतील आणि दाबून चपटे, कडक झाले असतील तर बदला. त्यांना तेल लागतं. कार्बनच्या वॉशरला ड्रॅगसाठीच्या ग्रीसचा पातळ थर. ड्रॅग लावताना हुकाच्या वजनकाट्याने मोजा. दोरी ज्या वजनाला तुटते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा पुरे. १० किलोच्या दोरीला अडीच ते सव्वातीन किलो. आणि मासा दोरी ओढून नेत असताना हँडल फिरवत बसू नका. रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला दोरीत एक पीळ चढतो, म्हणजे हँडलच्या दहा फेऱ्यांत चाळीस-पन्नास. पुढच्या फेकीला जो गुंता होतो तो बिचाऱ्या रिळाच्या नावावर जातो.

धुणं

घरी आल्यावर रीळ बादलीत बुडवणं किंवा पाइपचा झोत मारणं, दोन्हीने बाहेरचं मीठ आत जातं. ड्रॅग घट्ट करा, नळाच्या बारीक धारेखाली धरा, पुसा, मग ड्रॅग पूर्ण सैल सोडून सावलीत वाळवा. पावसाळ्याचे चार महिने ठेवतानाही ड्रॅग सैलच हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेलं रीळ नारळी पौर्णिमेला काढलं की बुरशी आणि गंज दोन्ही मिळतात. कापडी पिशवी बरी.

काही रिळं मात्र खरंच थांबवावी लागतात. गिअरचे दात धारदार, टोकेरी झालेत, किंवा बेअरिंग बसतं ती जागाच मिठाने खाऊन सैल झालीय, तर त्यावर पैसे घालू नका. हँडल, स्पूल, बेल, रोलर आणि सगळे स्क्रू काढून डब्यात ठेवा आणि डब्यावर रिळाचा नंबर लिहा. त्याच मॉडेलचं दुसरं रीळ कुणाच्या तरी माळ्यावर असतंच, आणि त्यात नेमका एक स्क्रू नसतो.