व्हिक्टोरियन काळातल्या बालमजुरीवर लिहिताय? या चुका टाळा

शाळेच्या प्रकल्पात हा विषय बहुतेक वेळा असा उरकला जातो: मुलं हलाखीत राबली, मग कायदे आले आणि सुटली. ही 'सुटली' आधी खोडा.

१८३३च्या कायद्याने ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली (रेशीम गिरण्या वगळून), पण देशभरात निरीक्षक नेमले फक्त चार. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती १८३७ मध्ये. तोवर वय ठरायचं डॉक्टरच्या नजरेवर, म्हणजे अंगापिंडाने मूल नऊ वर्षांचं दिसतं का, यावर. थोराड दिसणारं सात वर्षांचं पोर सहज खपून जायचं. १८४४ मध्ये मुलांचे दिवसाचे कामाचे तास साडेसहावर आले, मात्र किमान वय नऊवरून आठवर उतरलं. ही दुसरी बाजू बरेच लेख गाळतात. धुराड्यांचंही तसंच. मुलांना आत चढवायला १८४०च्या कायद्याने मनाई होती, तरी १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा कोवळा मुलगा धुराडं साफ करताना अडकून दगावला. त्यानंतर कुठे परवाना आणि पोलिसांची देखरेख आली.

दुसरी चूक म्हणजे 'मुलं खाणीत काम करत' एवढ्यावर थांबणं. काम काय होतं ते सांगा. सगळ्यात लहान मुलं हवा खेळती ठेवणाऱ्या दारापाशी बसत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं, आणि मधला सगळा वेळ काळोखात काढायचा. आठ वर्षांच्या सारा गुडरने चौकशी आयोगाला सांगितलं की उजेड असला तर ती कधी गाते, अंधारात मात्र गायची हिंमत होत नाही. मला सगळ्या आकडेवारीपेक्षा ही साक्ष मोलाची वाटते. तिच्यासारख्यांच्या जबान्या १८४२च्या अहवालात छापल्या गेल्या. त्याच वर्षी दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सर्व स्त्रिया-मुलींना जमिनीखाली काम करायला बंदी झाली.

सगळी मुलं गिरणी-खाणीतच होती, असंही लिहू नका. शेतात आणि परक्या घरच्या धुण्याभांड्यांत कितीतरी मुलं होती. हे कायदे त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

आणि मुंबई विसरू नका. राणी तीच होती, व्हिक्टोरिया. इथल्या गिरण्यांना पहिला कारखाना कायदा लागला १८८१ मध्ये. त्यात किमान वय होतं सात, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम.