त्सुनामीत पळायचं कुठे? किनारा बघून वाट अशी ठरवा

उंची दाखवणारा नकाशा घ्या. त्यावर घर, शाळा, कामाची जागा आणि जवळचे उंचवटे यांच्यावर खुणा करा. प्रशासनाने धोक्याची हद्द आखली असेल तर तीही उतरवून घ्या.

आता नदी, खाडी, ओढे, कालवे ठळक करा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण ‘समुद्रापासून लांब जा’ हा सल्ला नेमका इथे जीवघेणा ठरतो. जमिनीवर घरं-झाडं पाण्याचा जोर थोडाफार मोडतात. नदीच्या पात्रात त्याला अडवणारं काहीच नसतं. ते पात्रातून आत शिरतं, काठ ओलांडतं आणि तुम्ही समुद्राकडे बघत असताना बाजूने किंवा मागून येतं. जपानमधली ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत, पण किताकामी नदीच्या काठाला होती. शाळेमागे डोंगर होता. २०११ च्या भूकंपानंतर मुलांना बराच वेळ मैदानात थांबवलं आणि शेवटी नदीच्या पुलाजवळच्या उंचवट्याकडे नेलं. ७४ मुलं गेली.

म्हणून माझा आग्रह आहे: वाट नदीच्या काठाने नको, पूल ओलांडणारी तर नकोच. थेट चढाची पायवाट निवडा, आडवळणाची असली तरी चालेल. ती अंधारात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन चालून बघा. कुंपणाचं कुलूपबंद फाटक नकाशावर दिसत नाही.

खाडी आत निमुळती होत असेल तर पाणी दाटून आणखी चढतं, तेव्हा जास्त उंची धरा. बेटाच्या आडोशावर विसंबू नका. १९९२ मध्ये इंडोनेशियातल्या बाबी बेटाला लाटांनी वळसा घातला आणि मागच्या बाजूची गावं उद्ध्वस्त केली.

इशाऱ्याचं गणित भूकंप किती जवळ झाला यावर असतं. किनाऱ्यावर जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर भोंग्याची वाट बघू नका. हादरे थांबताच निघा. लाट काही मिनिटांत येऊ शकते. दूरच्या भूकंपात जमीन हललेली जाणवणारही नाही, तिथे अधिकृत इशाराच ऐकायचा. पहिली लाट ओसरली म्हणून मात्र खाली उतरायचं नाही. १९६० मध्ये चिलीतल्या भूकंपाच्या लाटा सुमारे १५ तासांनी हवाईतल्या हिलोला पोहोचल्या. भोंगे आधीच वाजले होते, तरी ६१ माणसं गेली. सगळ्यात विध्वंसक लाट तिसरी होती. धोका टळल्याचं अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत वरच थांबा.