कुंडीतला हायड्रेंजिया: सावली, पाणी आणि चिमूटभर तुरटी

महाबळेश्वरला निळेशार गुच्छ बघून हौसेनं रोप आणावं आणि पुण्यात पुढच्या बहराला फुलं गुलाबी निघावीत, असं होऊ शकतं. रोपवाल्याला दोष देऊ नका, हा मातीचा खेळ आहे. घाटमाथ्यावरची जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तीत मुळांना अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फुलं निळी होतात. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते मिळत नाही.

आधी जागा ठरवा. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी सावली हवी, म्हणजे पूर्वेची गॅलरी झकास. उघड्या गच्चीवर एप्रिलमध्ये पानं करपतात.

कुंडी 12 ते 14 इंची, तळाला भोकं असलेली घ्या. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरा. वरून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला.

पाण्याच्या बाबतीत हे झाड भारी नाटकी! दुपारी माना टाकतं, की आपण तांब्या घेऊन धावतो. थांबा, माती बोटभर खोल चाचपा. ओली असेल तर झाड संध्याकाळी आपोआप सावरतं. उगाच पाणी ओतत राहिलात तर मुळं कुजतील. कोरडी असेल तर मात्र लगेच भरपूर पाणी द्या. उन्हाळ्यात रोज लागतंच.

निळा रंग हवा असेल तर कळ्या धरण्याच्या बऱ्याच आधीपासून, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, लहान चमचाभर तुरटीची पूड चार-पाच लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत घाला. जास्त घातली तर मुळं भाजतात. बोअरचं जड पाणी ही मेहनत वाया घालवतं, म्हणून पावसाचं पाणी साठवा. जास्त स्फुरदाची (फॉस्फरसची) खतंही टाळा. पांढरी जात मात्र तुरटीनं निळी होत नाही.

छाटणीत सगळ्यात जास्त चुका होतात. नेहमीच्या मोठ्या गुच्छाच्या जातीत पुढच्या बहराच्या कळ्या यंदाच्या फांद्यांवरच तयार होतात. म्हणून फूल सुकलं, की लगेच त्याखालच्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापा. थंडीत गुलाबासारखी कात्री चालवलीत, तर वर्षभर नुसती पानं बघावी लागतील.

त्याच छाटणीत न फुललेली चार-पाच इंचांची फांदी मिळाली तर खालची पानं काढून, वरची अर्धी कापून, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. साधारण महिनाभरात मुळं धरतात.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानं नि कळ्या पोटात गेल्या तर विषारी असतात.