तयार पेय नव्या बाजारात नेताना: लाँचची तारीख सर्वांत शेवटी ठरवा

पेय तयार आहे, घरच्या बाजारात खपतंय, मग काय, लेबल बदला आणि माल पाठवा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आधी लाँचची तारीख जाहीर करायची आणि मग सगळ्यांनी तिच्यामागे धावायचं, हेही नको. तारीख खालच्या कामांतून आपोआप निघते.

१. रेसिपी तिथल्या नियमांसमोर ठेवा. प्रत्येक घटक आणि १०० मिलीमागे त्याचं प्रमाण, असा तक्ता करा. नुसतं ‘फ्लेवर’ लिहून भागत नाही. फ्लेवर कशात विरघळवलाय ते पुरवठादाराकडून लेखी घ्या, कारण तो अल्कोहोलमध्ये असेल तर काही बाजारांत तिथेच अडेल. युरोपीय संघात टायटॅनियम डायॉक्साइड हा पांढरा रंग २०२२ पासून खाद्यपदार्थांत चालत नाही. चहा-कॉफी सोडून इतर पेयांत लिटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन असेल, तर तिथे लेबलवर इशारा छापावा लागतो. एखादं प्रिझर्व्हेटिव्ह बदलावं लागलं, तर पेयात व्हिटॅमिन सी आहे का ते आधी बघा. बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह आणि व्हिटॅमिन सी एकत्र आले की उष्णतेत आणि उजेडात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं.

२. नाव नोंदवा. बिनअल्कोहोल पेयांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग ३२, चहा-कॉफीसाठी ३०. लेबल छापायला देण्याआधी.

३. माल भरून पाठवायचा की तिथेच भरायचा, ते ठरवा. तिथे भरणार असाल तर पाण्याचा पूर्ण अहवाल मागवा. पाण्याची क्षारता जास्त असेल तर ती पेयातलं आम्ल मारते. चव सपाट होते, पीएच वर जातो (म्हणजे आंबटपणा कमी होतो) आणि बेंझोएटचा जोर कमी होतो. क्लोरीन उरलं तर फ्लेवर बिघडतो.

नवीन जागी एकच घटक वाढला तरी प्रक्रिया पहिल्यापासून तपासा. कोका-कोलाने अमेरिकेत विकलं जाणारं ‘डसानी’ पाणी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये आणलं. त्यात घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होतं. पाणी निर्जंतुक करायला वापरलेल्या ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट हे घातक रसायन झालं आणि लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा ओलांडली गेली. सुमारे ५ लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या, फ्रान्स आणि जर्मनीतला बेतही गुंडाळावा लागला.

४. शेल्फ लाइफचा, म्हणजे पेय टिकण्याच्या मुदतीचा, हिशोब मांडा. बहुतेक योजना इथेच फसतात, म्हणून इथे घाई करू नका.

पेय २७० दिवस टिकतं असं धरू. मोठी दुकानं माल घेताना दोनतृतीयांश मुदत शिल्लक मागतात. म्हणजे १८० दिवस त्यांचे, ९० तुमचे. आता ते ९० खर्च करून बघा. सूक्ष्मजीव तपासणीचा निकाल येईपर्यंत माल रोखायचा: ७. बंदरापर्यंत आणि जहाजावर चढेपर्यंत: १०. समुद्रात: ३५. कस्टम्स आणि तपासणी: १२. वितरकाच्या गोदामात: १४. झाले ७८, उरले १२. एखादा कागद चुकून कस्टम्सने माल दोन आठवडे अडवला, तर चांगला माल असूनही दुकान तो घेणार नाही. पहिल्याच खेपेचा माल मग सवलतीत काढावा लागतो आणि नव्या बाजारात पेयाची पहिली ओळख ‘स्वस्तात काढलेला माल’ अशी होते. ती पुसणं फार कठीण असतं.

शिवाय तुमचे २७० दिवस घरच्या हवामानातले आहेत. उन्हात उभ्या राहिलेल्या कंटेनरचं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं. ढोबळमानाने दर १० अंशांना बिघाडाचा वेग दुप्पट होतो. २५ ऐवजी ३५ अंशांवर एक महिना गेला, तर मुदतीतले दोन महिने गेले असं समजा. चाचणी कंटेनरने पाठवा, आत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा, आणि परतलेल्या बाटल्या घरी ठेवलेल्या त्याच बॅचशेजारी उघडून चाखा. रंग, वास, तळाशी साका, झाकणाखालचा गॅस, सगळं लिहून ठेवा.

चाचणी विक्रीच्याच बाटलीत करा. मोठ्या पेट (प्लास्टिकच्या) बाटलीचा निकाल छोटीला लावणं ही घोडचूक आहे. छोट्या बाटलीत पेयाच्या मानाने प्लास्टिकचा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून गॅस लवकर निसटतो. ३५-४० अंशांवरची जलद चाचणी रंग आणि व्हिटॅमिनचा अंदाज देते. गॅस आणि साका यांसाठी मात्र खऱ्या तापमानाला, पूर्ण मुदतीची चाचणी समांतर चालू ठेवा. ‘जलद चाचणी पास झाली’ एवढ्यावर लेबलवर तारीख छापू नका. चाचणीत खरी मुदत २१० दिवस निघाली, तर दोनतृतीयांशाच्या अटीने तुमच्या हाती ७० उरतात. वरचा ७८ दिवसांचा प्रवास त्यात बसतच नाही. मग तिथेच भरायचं किंवा पॅकिंग बदलायचं. जहाज लवकर पोहोचेल या आशेवर योजना उभी करू नका.

५. लेबल. भाषा, पोषणतक्ता, बारकोड. छापण्याआधी तिथल्या आयातदाराची लेखी मंजुरी.

६. तारीख. चौथ्या पायरीचा निकाल हातात आल्यावर तिथून पुढे मोजा आणि पहिल्या खेपेला एक अडथळा गृहीत धरा.

७. दुसरी खेप. वितरकाची पहिली ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे, त्याने फक्त गोदाम भरलेलं असतं. दुकानाबाहेर आठवड्याला किती बाटल्या गेल्या ते आकडे दुकानवार मागा आणि त्यावरच पुढची बॅच भरा.