पारदर्शक मीनाकाम भट्टीआधीच बिघडते: या चुका टाळा

१८९०च्या सुमारास पॅरिसमध्ये फर्नांद तेस्मार आणि त्यानंतर रने लालिक या कारागिरांनी ‘प्लिक-आ-जूर’ पद्धतीला नवा जीव दिला. धातूच्या कप्प्यांत मीना, म्हणजे भाजून वितळवायची रंगीत काचेची पूड, भरायचा, मागे पत्रा ठेवायचा नाही, प्रकाश आरपार जाऊ द्यायचा. हे काम शिकणारे तडा गेला, रंग मळला की तापमानाला दोष देतात. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते.

रंग दुधाळ दिसतोय? मग धुण्यात कंटाळा झालाय. मीना खलात वाटताना पिठासारखी बारीक भुकटीही होते. तिच्यात हवा अडकते आणि काच धुरकट होते. पूड पाण्यात ढवळा, जाड कण खाली बसू द्या, वरचे गढूळ पाणी ओतून टाका. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करत राहा. शेवटचे पाणी ऊर्ध्वपातितच (डिस्टिल्ड) हवे. धुतलेली पूड ओली ठेवून महिनाभराने वापरणे म्हणजे पुन्हा तीच धूसर काच.

दुसरी चूक कप्प्याच्या आकाराची. सुरुवातीला ५ मिलिमीटरपेक्षा रुंद कप्पा घेऊ नका आणि टोकदार कोपरे टाळा, तडा तिथूनच सुरू होतो. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात लालिकचा ‘चतुर-स्त्री’ दागिना (चतुर कीटकाचे पंख असलेली स्त्री, १८९७-९८) आहे. त्याचे पंख केवढे मोठे, पण मीना छोट्या छोट्या कप्प्यांतच विभागलेला आहे.

भरलेला कप्पा पूर्ण वाळवल्याशिवाय भट्टीत घालू नका. वाफ पूड उडवते. पहिल्या भाजणीनंतर काच कडांकडे सरकते आणि मध्ये भोक पडते. हे नेहमीचेच आहे. ते बुजावे म्हणून जास्त भाजत बसू नका, पुन्हा भरा. सुरुवातीच्या भाजण्या पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला की थांबवायच्या, पूर्ण चकाकी फक्त शेवटच्या भाजणीत.

भाजताना कप्प्यांमागे तात्पुरत्या आधाराला अभ्रक वापरले तर मागच्या बाजूला त्याचा ठसा राहतो, तो पाण्याखाली घासून काढावा लागतो. तांब्याचा पातळ पत्रा लावून नंतर नायट्रिक आम्लात विरघळवणे सोपे वाटते, पण ते पुरेशा कसाच्या सोन्यापुरतेच. चांदीच्या कप्प्यांवर हा प्रयोग केलात तर पत्र्याबरोबर कप्पेही जातील.

९२५ चांदी (९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबे) ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि पुष्कळसे मीने त्याच्या जवळपासच भाजले जातात. शिवाय तिच्यातले तांबे काळवंडते. शुद्ध चांदी ९६१ अंशांपर्यंत टिकते, तीच घ्या. पत्र्यावरच्या पारदर्शक कामात चांदीवर थेट लाल भरला की तो तपकिरी होतो; आधी रंगहीन मीन्याचा थर द्या. जोडाला जस्त कमी असलेले, उच्च तापमानाचे सोल्डर वापरा, नाहीतर जोडाजवळ बुडबुडे येतात.

मीना भाजून झाल्यावर ज्योत लावायची नाही. बिजागरी, फासे, खड्यांची घरे सगळे आधीच झाळून घ्या. खडे मात्र शेवटी, कोंदणाला हलका दाब देऊन. आणि तयार दागिना अल्ट्रासोनिक (कंपनांनी धुणाऱ्या) यंत्रात कधीही धुऊ नका.